उमद्या जनावराची तालीम

लालबागच्या ज्या चाळीत माझी बहीण सून म्हणून आली, त्या चाळीच्या जागी आता बत्तीस मजल्यांची इमारत उभी आहे, आणि तिच्या एकोणिसाव्या मजल्यावर माझा भाचा, त्याची पत्नी, शाळेत जाणारी दोन मुले आणि गेल्या श्रावणापासून एक लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा असे पाच जीव राहतात. कुत्रा आला तेव्हा धाकट्या मुलीच्या मांडीवर निजत असे. आज अकराव्या महिन्यात त्याचे वजन तीस किलोच्या घरात गेले आहे, छाती रुंद झाली आहे, आणि अंगात जोम असा की कुलूप उघडल्याचा आवाज होताच तो दिवाणखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोन झेपांत पोहोचतो. गेल्या महिन्यात तळमजल्यावर लिफ्टचे दार उघडल्याबरोबर त्याने बाहेर उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या छातीवर आनंदाने पुढचे दोन्ही पाय ठेवले; ते गृहस्थ तोल जाऊन पडले, त्यांच्या मनगटाला मुका मार लागला, आणि दुसऱ्याच दिवशी सूचनाफलकावर कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई असल्याचा कागद लागला. त्या रात्री भाच्याचा मला फोन आला. "मामा, कर्जतकडे एकांचं फार्महाऊस आहे, ते ठेवून घ्यायला तयार आहेत. देऊन टाकू का?"

मी त्याला नको म्हणालो, आणि का नको म्हणालो हे सविस्तर लिहावे असे मला वाटते. कारण असाच प्रश्न आज परळ, दादर, लालबाग, गिरगाव या साऱ्या टापूत घरोघर पडू लागला आहे. दहा बाय बाराच्या खोलीतून पाचशे चौरस फुटांच्या सदनिकेत आलेल्या कुटुंबाला प्रथमच वाटते की आता आपल्याकडे कुत्रा ठेवण्याइतकी जागा आहे. मुले हट्ट धरतात, पिल्लू येते, आणि आठव्या ते चौदाव्या महिन्याच्या दरम्यान, ज्या काळात त्या जनावराला माणसाची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्या काळात, घर त्याला कंटाळते. भाच्याच्या कुत्र्याने जे केले त्यात दुष्टावा तिळमात्र नव्हता. चार महिन्यांचा असताना तो असाच अंगावर चढे तेव्हा साऱ्या घराने त्याला कुरवाळले होते. तीच कृती तीस किलोचे शरीर घेऊन त्याने केली, एवढेच. अकरा महिन्यांत त्या घरातील चार माणसांना एका जागी बसून एका नियमावर येण्यास सवड मिळाली नव्हती, आणि या दिरंगाईची शिक्षा मात्र कुत्र्याने भोगावी असे ठरत होते.

घरात शिकवणारा येत नव्हता असे नाही. आठवड्यातून दोनदा, तासाभरासाठी, एक तरुण प्रशिक्षक येई. त्याच्यापुढे कुत्रा बसे, थांबे, बोलावताच येई, आणि प्रशिक्षकाची पाठ वळताच घरच्यांचे एक अक्षरही ऐकत नसे. भाच्याला हा कुत्र्याचा लबाडपणा वाटला. मला त्या वेळी 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनाची आठवण झाली. लुसी अ‍ॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधांचे वाटाडे म्हणून तयार होणाऱ्या लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातून झालेल्या कुत्र्यांची पाचव्या महिन्यात आणि पुन्हा आठव्या महिन्यात परीक्षा घेतली, तेव्हा आढळले की आठव्या महिन्यात ही जनावरे स्वतःला सांभाळणाऱ्या माणसाची 'बस' ही आज्ञा पूर्वीपेक्षा कमी पाळतात, परंतु परक्या माणसाची आज्ञा मात्र कमी पाळत नाहीत. पौगंडावस्थेतील मुलगा शिक्षकांशी आदबीने वागून आईशी मात्र अरेरावी करतो, तशातलाच हा प्रकार आहे, आणि तो कालांतराने सरतो. तो सरेपर्यंत घराने धीर धरायचा असतो, नियम सोडायचे नसतात. आणि हे काम भाडोत्री माणूस करू शकत नाही, कारण ज्याचे ऐकणे थांबले आहे तो माणूस घरातला आहे.

आमच्या भाषेत तालीम या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि गिरणगावाने ते दोन्ही जपले. तालीम म्हणजे शिक्षण आणि तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा. पहाटेची पाळी संपवून आलेला गिरणी कामगार आखाड्यात उतरे तो रोज उतरे. वस्ताद महिन्यातून दोनदा येऊन कुस्ती शिकवून गेला आणि मधले दिवस पठ्ठा घरी झोपला, असे कधी कोणी ऐकले नाही. मोठ्या, ताकदीच्या जनावराची तालीमही या दुसऱ्या अर्थाने समजून घ्यावी लागते. ती दिवसातून पाच-पाच मिनिटे, पाच-सहा वेळा, जेवणाच्या वेळी, दाराशी, जिन्यात, रस्त्यावर, आणि वर्षभर चालते. आणि घरातला प्रत्येक माणूस, मग तो सात वर्षांचा असो की सत्तर वर्षांचा, तिच्यात वस्तादाच्या जागी असतो.

हे मी कोणत्या ग्रंथातून शिकलो नाही. माझे बालपण गिरगावात, ठाकूरद्वारच्या एका चाळीतील दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेले. 1967 साली वडिलांच्या कचेरीतील एका स्नेह्याची दूरच्या मुलखात बदली झाली आणि त्याने आपला सात महिन्यांचा अल्सेशियन कुत्रा, ज्याचे नाव त्या काळच्या रिवाजाप्रमाणे टायगर होते, आमच्या हवाली केला. दोन खोल्यांत आजी, आईवडील, धाकटे काका, आम्ही तीन भावंडे आणि टायगर. त्याला बसवायचे तर वडील 'बस' म्हणत, काका इंग्रजीत 'सिट' म्हणत, आजी 'बैस रे बाळा, बैस' असे लाडिक आर्जव करी, आणि मी त्याची पाठ दोन्ही हातांनी खाली दाबत असे. वडील त्याला ताटातले काही देऊ नये म्हणत, तर आजी वरणात कालवलेला भाताचा घास पाटाखालून हळूच सरकवी आणि कोणी हटकले तर नामदेवांची कथा सांगे, की कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव कोरडी खाऊ नकोस म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. एकाच घरात चार कायदे चालू असल्यावर त्या मुक्या जीवाने कोणता पाळावा?

मग व्हायचे ते झाले. एके सकाळी शेजारच्या काकू सार्वजनिक नळावरून भरलेली कळशी कमरेवर घेऊन येत होत्या. टायगर सज्जातून धावत गेला, त्यांच्या अंगावर उभा राहिला, कळशी पडली, काकू भिंतीवर आदळल्या. त्याच रात्री चाळकऱ्यांची बैठक सज्जातच भरली. तक्रार रास्त होती आणि वडिलांनी ती नाकारली नाही. ठराव असा झाला की आमच्या बिऱ्हाडास दीड महिन्याची मुदत द्यावी. तेवढ्या अवधीत कुत्रा माणसांत वागण्यास लायक न झाल्यास त्याची अन्यत्र तजवीज करावी.

वडील कारकुनी पेशाचे होते आणि कोणत्याही संकटावर त्यांचा पहिला उपाय कागद हा असे. त्यांनी फुलस्केप कागदावर घोटीव अक्षरात करारनामा लिहिला आणि मांडणीच्या वर चिकटवला. त्यात पाच शब्द होते: बस, थांब, ये, सोड, नको. घरातील कोणीही या पाच शब्दांखेरीज अन्य शब्द वापरू नये. शब्द एकदाच उच्चारावा. ऐकल्यास तत्काळ शाबासकी द्यावी. टायगरचे चारही पाय जमिनीवर असल्याखेरीज कोणीही त्याच्याकडे पाहू नये, बोलू नये, हात लावू नये. आणि त्याचे जेवण सर्वांची पाने उठल्यावर त्याच्या स्वतःच्या पातेल्यात, त्याने बसून दाखवल्यानंतर द्यावे. आजीला हे शेवटचे कलम जाचले. वडिलांनी तिला सांगितले की नामदेवांची तुपाची वाटी कोणी काढून घेत नाही, फक्त ती त्याच्या पातेल्यात ओतायची आहे. आणि त्या दिवसापासून टायगरचे पातेले आजीच भरू लागली.

करारनाम्याची प्रत वडिलांनी शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांतही दिली. आज मागे वळून पाहता त्यांची खरी दूरदृष्टी यात दिसते. जनावर अंगावर उडी मारते ती लक्ष वेधण्यासाठी. तुम्ही ओरडलात, ढकललेत, हात झटकलेत, तरी त्याच्या लेखी ते लक्षच असते, आणि दहा माणसांनी दुर्लक्ष करून अकराव्याने कुरवाळले तर ती सवय अधिकच चिवट होते. म्हणून अकरावा माणूसही करारात हवा. ज्या काकूंची कळशी पडली होती त्या स्वतः तिसऱ्या दिवसापासून आमच्या दारापाशी थांबून 'टायगर, बस' म्हणू लागल्या, तो बसला की पदराच्या टोकाला बांधलेला भाकरीचा तुकडा देऊन पुढे जाऊ लागल्या. पाचव्या आठवड्यात मी पाहिले ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे: काकू जिन्याच्या तोंडाशी आल्या, त्यांनी काहीही उच्चारले नाही, आणि टायगर आपण होऊन कठड्याला पाठ लावून बसला. त्यानंतर सात वर्षे तो त्या सज्जात राहिला.

एक चूक आमच्याकडून झाली तीही सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या दिवसांत टायगरने खोलीत घाण केली म्हणून वडिलांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला दोन फटके दिले. परिणाम असा की त्याने खोलीत घाण करणे थांबवले नाही. माणसांसमोर करणे मात्र थांबवले, आणि पलंगाखाली, ट्रंकांच्या मागे लपून करू लागला. घाणीचा आणि फटक्याचा संबंध त्याला कळला नव्हता, माणसाचा आणि फटक्याचा कळला होता. जनावराच्या मनात कृती आणि तिचे फळ यांची सांगड क्षणा-दोन क्षणांत बसते. अर्ध्या तासाने दिलेली शिक्षा त्याला केवळ माणसाच्या लहरीपणाचा पुरावा वाटते. वडिलांनी गुंडाळी टाकून दिली, आणि त्याऐवजी जेवणानंतर, झोपेतून उठल्यानंतर व खेळानंतर त्याला न चुकता खाली नेण्याचा शिरस्ता घातला. पंधरा दिवसांत प्रश्न मिटला.

आता मला जे म्हणायचे आहे त्याच्या गाभ्याशी येतो. टायगरला शिकवले आमच्या घराने, पण त्याला घडवले चाळीने. सज्जातून दिवसभरात पन्नास माणसे जात; दूधवाला, पोस्टमन, बोहारीण, काठी टेकत जाणारे आजोबा, रांगणारी मुले, मांजरे, गोकुळाष्टमीचा गोंधळ, गणपतीचे ढोल-ताशे, दिवाळीचे फटाके. बंद दाराआड कोणी नव्हते, म्हणून परके कोणी नव्हते. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून 1965 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील एक मुख्य निष्कर्ष असा, की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या आयुष्यात निर्णायक असतो. त्या काळात ज्या माणसांशी आणि वस्तूंशी त्याची ओळख होते त्यांना ते आपल्या जगाचा भाग मानते, आणि ज्यांच्याशी होत नाही त्यांची भीती पुढे मोठ्या कष्टाने काढावी लागते.

एकोणिसाव्या मजल्यावर, बंद दाराआड, वातानुकूलित शांततेत वाढणाऱ्या पिल्लाचे काय होते याचा या निष्कर्षाच्या प्रकाशात विचार करावा. लसी पूर्ण होईपर्यंत खाली उतरवायचे नाही असा सल्ला मिळतो, आणि रस्त्यावरच्या जमिनीपुरता तो योग्यच आहे. परंतु लसी पूर्ण होईतो तो मोलाचा काळ सरून गेलेला असतो. यावर उपाय अवघड नाही. पिल्लाला कडेवर घेऊन रोज अर्धा तास रस्त्याच्या कडेला, भाजी बाजाराशी, शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहावे. त्याचे पाय जमिनीला लागू देऊ नयेत, पण डोळे, कान आणि नाक यांना सारे शहर भेटू द्यावे. छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, चाकाची खुर्ची, शेजारच्या आजींची काठी या सर्वांची ओळख खाऊच्या तुकड्यासह करून द्यावी. लालबागेत राहायचे तर ढोलाची ओळख भाद्रपदापूर्वीच करून दिली पाहिजे: जेवताना ढोल-ताशांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावावे आणि काही आठवड्यांत आवाज थोडा थोडा वाढवत न्यावा. आपल्याला ऐकू येणाऱ्या उच्चतम स्वराच्या दुपटीपर्यंत ज्याचे कान पोहोचतात, त्या प्राण्याला चतुर्थीच्या रात्री अचानक त्या नादात लोटणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

रस्त्यावरून ओढत नेणे हा मोठ्या कुत्र्याचा दुसरा दोष. दादरला रानडे मार्गावर सायंकाळी एखादा गृहस्थ कुत्र्याच्या मागे जवळजवळ धावताना दिसतो, आणि पाहणारे बाजूला होतात. कुत्रा ओढतो कारण ओढल्याने त्याला हवे तेथे पोहोचता येते. दोरी ताठ झाली की जागच्या जागी खांबासारखे उभे राहावे. ती सैल पडली की पुढे निघावे. पहिल्या दिवशी घरापासून कोपऱ्यापर्यंत जाण्यास वीस मिनिटे लागतील, आणि हे सोसण्याची तयारी कामावर जाण्याच्या घाईत कोणाची नसते. म्हणून पहिले दोन आठवडे घड्याळ पाहण्याची वेळ येणार नाही अशा पहाटे बाहेर पडावे. दात येण्याच्या काळात, चौथ्या ते सहाव्या महिन्यात, तो चप्पल फोडतो, पलंगाचा पाय कुरतडतो. त्याला कुरतडण्याजोगे दुसरे काही द्यावे आणि चपला मांडणीत बंद कराव्यात. त्याच्या हिरड्या शिवशिवत असतात, त्याचा आपल्याशी वैरभाव नसतो.

जोम हा दोष नव्हे, हे आपल्या शहराने एका कुत्र्याकडून शिकायला हवे होते. मुंबई पोलिसांचा 'जंजीर' हाही लॅब्रॅडॉर जातीचाच होता. जानेवारी 1992 मध्ये जन्मलेला हा कुत्रा पुण्यास शिवाजीनगर येथील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला आणि डिसेंबर 1992 च्या अखेरीस मुंबईच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात दाखल झाला. अडीच महिन्यांनी, 12 मार्च 1993 रोजी, शहरात स्फोटांची मालिका झाली. तेव्हा त्याचे वय चौदा महिने होते. माझ्या भाच्याचे घर ज्या वयाला कंटाळते तेच ते वय. त्यानंतर त्याच्या नाकाने जे हुडकून काढले त्याची नोंद 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसे अशी आहे. 16 नोव्हेंबर 2000 रोजी परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात हाडांच्या कर्करोगाने तो गेला आणि पोलीस इतमामात त्याला निरोप देण्यात आला. शोध घेणाऱ्या कुत्र्याची तालीम खेळातून होते: दडवलेला वास सापडला की चेंडू मिळतो, आणि त्या चेंडूसाठी तो तासन्‌तास राबतो. घरातल्या लॅब्रॅडॉरमध्येही हीच कामाची भूक असते. तिला काम दिले नाही तर ती सोफ्याची उशी फाडते. भाच्याच्या मुलांना मी सांगितले, की त्याचे जेवण वाडग्यात ओतू नका. मूठ-मूठ करून घरभर लपवा आणि त्याला शोधायला लावा. पंधरा मिनिटे नाकाने काम केलेला कुत्रा तासभर शांत पडून राहतो, हे त्या मुलांनी पहिल्याच दिवशी अनुभवले.

फलकावरच्या त्या कागदाविषयी दोन्ही बाजूंनी बोलले पाहिजे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली मार्गदर्शक सूचना काढून गृहनिर्माण संस्थांना स्पष्ट कळवले आहे की पाळीव कुत्रे ठेवण्यास अथवा त्यांना लिफ्टमधून नेण्यास सरसकट बंदी घालता येत नाही. तेव्हा तो कागद कायद्यापुढे टिकणारा नाही. पण कायदा आपल्या बाजूचा आहे म्हणून पडलेल्या वृद्धाची वेदना खोटी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमान्वये ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका पोहोचू नये याची पुरेशी खबरदारी न घेणे हा गुन्हा आहे. महापालिकेचा परवाना काढणे आणि त्यासाठी रेबीज प्रतिबंधक लस टोचून घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे. आणि 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात एक तरतूद अशी आहे जी प्रत्येक सदनिकेच्या दारावर लावावी: नेहमी साखळीने बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे ही क्रूरता आहे. पहिल्या अपराधासाठी दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपयांना काही वजन होते. आज ते नाही, आणि संसदेने याकडे लक्ष द्यावयास हवे.

केंद्र सरकारने 12 मार्च 2024 रोजी परिपत्रक काढून तेवीस जातींच्या कुत्र्यांवर बंदी सुचवली होती. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते परिपत्रक रद्द ठरवले. जातीच्या याद्या करून प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. लॅब्रॅडॉर कोणत्याही यादीत नसतो, तरीही तो माणसाला पाडू शकतो. मात्र जात निवडताना घराने विवेक बाळगावा हे खरे. मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्याची जोडी मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पंचम जॉर्ज बादशहास नजर केली, ज्याच्यावर 2005 साली टपाल खात्याने तिकीट काढले आणि ज्याला अलीकडे लष्करानेही आपल्या श्वानपथकासाठी निवडले, तो आपल्या मराठी संस्थानी इतिहासाचा अभिमानास्पद वारसा आहे. पण तो मोकळ्या माळावर सशामागे वाऱ्यासारखा धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे, आणि गिरगावच्या वाडीत, जेथे प्रत्येक पायरीवर एक मांजर बसलेली असते, त्याला केवळ अभिमानाखातर आणणे हे त्याच्यावर जुलूम करणे होय. ज्यांना सवड थोडी आहे त्यांनी रस्त्यावरच्या देशी कुत्र्याचे पिल्लू घ्यावे; या हवेत तगण्याची ताकद त्याच्या रक्तात आहे.

मोठ्या जातीचा कुत्रा घेणाऱ्या जुन्या चाळीतील बिऱ्हाडांनी आणखी एक जाणून घ्यावे. अशा कुत्र्याची हाडे वर्ष-दीड वर्षापर्यंत पक्की होत नाहीत. उभ्या लाकडी जिन्यावरून दिवसातून चारदा धावत उतरवल्यास सांध्यांना इजा होऊ शकते, तेव्हा पहिले काही महिने त्याला उचलून न्यावे आणि पुढे पायरी-पायरीने, सावकाश उतरायला शिकवावे. आता पावसाळा तोंडावर आला आहे. हिंदमाताशी पाणी तुंबले की त्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू मिसळतात. त्या पाण्यातून गेलेल्या कुत्र्याला तो आजार होऊ शकतो आणि त्याच्याकडून माणसालाही. लस टोचून घ्यावी, घरी आल्यावर पाय धुऊन कोरडे करावेत. शंका आल्यास परळ जवळच आहे. 1832 साली भटके कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी रयत रस्त्यावर उतरली होती, आणि त्याच समाजातील दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने, एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात परळास जनावरांचा दवाखाना उभा राहिला. 1886 साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. आता महालक्ष्मीलाही टाटा न्यासाने 2024 मध्ये लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय उघडले आहे. आजारी कुत्र्यासाठी या शहराने पुष्कळ केले.

निरोगी, तरुण, धावू पाहणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र आपण फार थोडे केले. त्याला दोरीविना धावता येईल अशी जागा कोठे आहे? शिवाजी पार्कवर मुले क्रिकेट खेळतात, ज्येष्ठ नागरिक फेऱ्या घालतात. तेथे तीस किलोचा कुत्रा मोकळा सोडणे गैर आहे. गिरगाव चौपाटीवर पहाटेचा एखादा तास मिळतो तेवढाच. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी राखण्याचे ठरवले होते. 2001 साली तो नियम बदलला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. त्या जमिनी मुलांना, वृद्धांना आणि वृक्षांना प्रथम हव्या होत्या, कुत्र्यांचा क्रम त्यानंतरचा. पण जागा शिल्लक राहिली असती तर या सर्वांना पुरली असती, याची हळहळ मला लालबागच्या पुलावरून जाताना दरवेळी वाटते. महापालिकेने एफ दक्षिण, जी उत्तर आणि डी या विभागांत प्रत्येकी एक कुंपण घातलेला, पाण्याची सोय असलेला भूखंड, अगदी बॅडमिंटनच्या दोन मैदानांएवढा का असेना, ठराविक वेळी परवानाधारक कुत्र्यांसाठी खुला ठेवावा. परवाना असेल त्यालाच प्रवेश, असे केले तर परवाने काढणाऱ्यांची रांगही लागेल आणि लसीकरणाची नोंदही राहील.

भाच्याने कुत्रा कर्जतला दिला नाही. मांडणी आता नाही. फ्रिजच्या दारावर पाच शब्दांचा कागद लागला आहे, धाकट्या मुलीच्या अक्षरात. पडलेल्या गृहस्थांकडे भाचा आणि ती मुलगी स्वतः जाऊन आले, झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागून आले, आणि त्या गृहस्थांनी मोठ्या मनाने एक सूचना केली: सकाळी साडेसहाला आपण फिरायला खाली उतरतो, त्याच वेळी कुत्र्याला लिफ्टपाशी आणावे आणि तो आपल्यासमोर बसायला शिकेपर्यंत रोज आणावे. आज त्या शिकवणीचा एकोणिसावा दिवस. काल लिफ्टचे दार उघडले तेव्हा कुत्र्याचे पुढचे पाय एकदा उचलले गेले, मुलीने 'बस' म्हटले, ते पुन्हा खाली आले, आणि त्या गृहस्थांनी दुखऱ्या मनगटाचा हात लांब करून त्याच्या तोंडाशी पोळीचा तुकडा धरला. येत्या रविवारी संस्थेच्या सभेत फलकावरचा कागद काढण्याचा अर्ज यायचा आहे, आणि त्यावर पहिली सही त्यांची असेल असे भाचा सांगत होता.